केर कोणाचा?

विषय पाहून काही वाचक म्हणतील, बुवांना आता हे काय सुचले! नाम, भक्ती, वैराग्य सोडून ओला कचरा नि सुका कचरा ह्यांचे निरूपण कोठून आले? परंतु सज्जनहो, वरून दिसायला हा प्रश्न कचऱ्याचा असला तरी आतून तो शौचाचा आहे, आणि शौच ही काही मी आणलेली नवी गोष्ट नव्हे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी शौच सांगितले, सोळाव्यात दैवी संपत्ती मोजताना पुन्हा सांगितले. पतंजली मुनींच्या पाच नियमांत पहिला नियम शौचाचा. माउलींनी तेराव्या अध्यायावरील टीकेत शौचाला कापराचा दृष्टान्त घेतला आहे. कापूर बाहेरून जसा पांढरा तसाच फोडून पाहिला तरी आतून पांढरा. आता आपले घर ह्या कापराशेजारी ठेवून पाहू. आत फरशी पुसलेली, देव्हाऱ्यात समई लागलेली, उदबत्तीचा वास. आणि दाराबाहेर कोपऱ्यावर एक गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात आमटीने भिजलेले वर्तमानपत्र, फुटलेला काचेचा पेला, लेकराचे डायपर, आजोबांच्या मधुमेहाची सुई, वरून कालचा भात. ती पिशवी कोणाची?

लेख एवढ्याच प्रश्नाचा आहे.

व्यवहारातले उत्तर सोपे. टाकली म्हणजे ती आमची राहिली नाही. कर भरतो, गाडी येते, घेऊन जाते. पण शास्त्राला हे उत्तर पटणारे नाही. पाठशाळेत दानाचे लक्षण शिकवतात त्याची दोन अंगे आहेत. आपले स्वत्व त्या वस्तूवरून निघाले पाहिजे, आणि दुसऱ्याचे स्वत्व तिच्यावर उत्पन्न झाले पाहिजे. घेणारा हवा, आणि त्याने प्रतिग्रह केला पाहिजे, म्हणजे राजीखुशीने हात पुढे केला पाहिजे. यज्ञातल्या त्यागाचेही तेच. यजमान आहुती देऊन 'न मम' म्हणतो खरा, पण कोणत्या देवतेला उद्देशून देतो तिचे नाव आधी घ्यावे लागते. देवतेचा पत्ता नाही आणि नुसतेच 'न मम', असा याग कोणत्याही मीमांसकाने सांगितल्याचे मला ठाऊक नाही. कोपऱ्यावर पिशवी ठेवणारा गृहस्थ मात्र रोज हाच याग करतो! त्याचे स्वत्व गेले, दुसऱ्या कोणाचे आले नाही. सकाळी घंटागाडीमागे जी बाई उभी असते तिने काही प्रतिग्रह केलेला नाही. तिच्या पदरात ते पडले आहे.

आता तीच पिशवी उलगडून पाहा. त्यातले वर्तमानपत्र कोरडे असते तर रद्दीवाला दारात आला असता, काटा काढून वजन करून पैसे मोजले असते. तेच आमटीत बुडाले की त्याला कोणी हात लावीत नाही. भाताची शिते आणि भाजीची देठे कुंडीत माती व वाळलेल्या पाल्याबरोबर थराथराने टाकली असती तर दीड-दोन महिन्यांत खत होऊन तुळशीला मिळाले असते. ती प्लॅस्टिकमध्ये कोंडली म्हणून नासली. पेल्याची काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहून दिली असती तर कोणाचे बोट कापले नसते. म्हणजे पाहा, त्या पिशवीतल्या बहुतेक वस्तूंना घेणारा होता, कोणाला भंगारवाला, कोणाला माती. आपण त्या एकत्र कालवल्या आणि त्याच क्षणी त्या सगळ्यांचा घेणारा नाहीसा केला. म्हणून मी म्हणतो की ओले-सुके वेगळे करणे ही नुसती शहराच्या सोयीची गोष्ट नव्हे. 'हे आता माझे नाही' असे म्हणण्याचा अधिकार ह्या एका क्रियेने मिळतो. ती केली नाही तोवर पिशवी गल्लीच्या टोकाला असो की तुळजापूर रस्त्यावरच्या डेपोत, ती आपलीच आहे.

खरे म्हणजे सोलापूरकराला हे सांगावे लागू नये. ज्या गावाने कडक भाकरी जगाला दिली त्याला अन्न वाया न जाऊ देणे म्हणजे काय हे कोणी शिकवायचे? पातळ थापलेली ज्वारीची भाकरी वाळवून ठेवली की दिवसचे दिवस टिकते, आमटीत कुस्करली की जेवण झाले. जुन्या लुगड्याधोतरांच्या वाकळा घरोघर शिवल्या जात. जे कापड वाकळेलाही चालत नसे ते बोहारणीच्या गाठोड्यात जाई नि बदल्यात पातेले येई. मागावर उरलेला सुताचा गुंता यंत्रे पुसायला जाई. विडी वळणाऱ्या माउल्यांच्या घरी तेंदूच्या पानांची कात्रणे चुलीला उपयोगी पडत. तेव्हाचे लोक मोठे धर्मात्मे होते असे मी म्हणणार नाही. वस्तू थोड्या होत्या, पैसा थोडा होता, आणि जे उरे ते बहुधा मातीत जिरणारे असे. उकिरड्यावर टाकले तरी पुढच्या पावसाळ्यात ते शेतात जाई. त्यामुळे 'टाकले की संपले' हा समज त्या काळी बऱ्याच अंशी खरा ठरत होता. आज तो खोटा झाला, सवय मात्र तशीच राहिली.

सरकारने ह्यावर नियम केले नाहीत असे नाही. घनकचऱ्याचे पहिले नियम २००० साली झाले, मग २०१६ साली अधिक कडक झाले. त्यांत गृहस्थाने आपल्या घरीच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करावेत असे स्पष्ट सांगितले. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या पुष्कळ वस्तूंवर देशभर बंदी झाली. आपले सोलापूर २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नावांत झळकले, आणि त्याच्याही आधी कचऱ्यापासून वायू व वायूपासून वीज करण्याचा प्रकल्प तुळजापूर रस्त्याला उभा राहिला होता. असा प्रकल्प म्हणजे एक मोठे पोट समजावे. ओले अन्न हवेवाचून आत आंबते आणि त्यातून जळणारा वायू निघतो. पण पोटात काच, चिंध्या, पिशव्या गेल्या तर पोटाचे काय होईल ते कोणा वैद्याला विचारावे लागत नाही. आणि हाच वायू डेपोच्या ढिगाऱ्यात आपोआप साठला की उन्हाळ्यात एखादी ठिणगी पुरते. ढीग पेटला की मग चांगल्या वस्तीत राहणाऱ्यांच्याही खिडकीत धूर येतो. 'न मम' म्हणून टाकलेले परत घरी येते ते असे.

एकदा आमच्या पेठेत गाडीमागच्या मावशींना मी विचारले, "तुम्हाला घाणीचा त्रास होत नाही का हो?" त्या म्हणाल्या, "महाराज, घाण दिसती. जे दिसतंय त्याला भ्या नसतंय. गाठ मारलेल्या पिशवीत काय हाय ते कळत न्हाई, तवा हात घालावा लागतो." पुष्कळ पोथ्या वाचून मला जे उमजले नव्हते ते ह्या बाईने दोन वाक्यांत सांगितले. आपण गाठ मारतो ती आपल्याला दिसू नये म्हणून. आणि गाठ सोडण्याचे काम, म्हणजे ओले-सुके वेगळे करण्याचेच काम, तेव्हाही होतेच. होत नाही असे नाही. फक्त ते आपल्या स्वयंपाकघरात, ताज्या वस्तूवर, दोन क्षणांत व्हायचे ते दुसऱ्याच्या हाताने, नासलेल्या वस्तूवर, तासन्‌तास होते.

इथे मला आपल्या शास्त्रकारांशी थोडे भांडावेसे वाटते. मनुस्मृतीत पंचसूना सांगितल्या आहेत. गृहस्थाच्या घरी हिंसेची पाच स्थाने: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. टाळता न येणारी ही हिंसा रोज घडते, म्हणून तिच्या निष्कृतीसाठी रोज पाच महायज्ञ. केवढी सूक्ष्म दृष्टी! केरसुणीखाली चिरडणाऱ्या मुंगीचेही पाप गृहस्थाच्या खाती मांडले. पण ज्यांना केरसुणीखालची मुंगी दिसली त्यांना केर उचलणारा माणूस दिसला नाही. किंबहुना तो गावाबाहेर राहील, त्याचा स्पर्श होणार नाही, अशीच व्यवस्था त्यांनी लावून दिली. हे मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला माणूस म्हणून सांगतो. त्या ग्रंथांविषयी माझा आदर कमी नाही, आणि म्हणूनच हा दोष झाकावासा वाटत नाही. सोवळे आणि शौच ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोवळे म्हणते, मळ माझ्यापासून दूर जावा. तो कोठे गेला ह्याची सोवळ्याला फिकीर नाही. शौचाला ती फिकीर असते.

लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढा आहे. चोखोबा तेथले. गावचे मेलेले ढोर ओढून नेणे हे त्यांच्या जातीच्या माथी मारलेले काम. गाव स्वच्छ राहिले ते त्या हातांनी, आणि तेच हात पंढरीच्या दारी विटाळाचे ठरले. मंगळवेढ्याची वेस बांधताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवरायांनी अस्थी गोळा करून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली, समोर म्हणजे बाहेरच. पुढे कित्येक शतकांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कोठे आतले दार उघडले. दार उघडले ही मोठी गोष्ट झाली. पण घंटागाडीमागे आजही बहुधा कोणत्या वस्तीतली माणसे उभी असतात हे डोळे उघडून पाहिले, तर ते काम पुरे झाले असे म्हणवत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. ती लक्ष्मी. आणि वर्षभर ती हातात धरणारी?

संतांची दृष्टी ह्या बाबतीत निराळी होती. जनाबाईच्या चरित्रात पांडुरंग दळू लागतो एवढेच आपण कीर्तनात रंगवतो. पण तो तिच्या झाडलोटीतही येतो, तिने लोटलेला केर उचलून स्वतः नेऊन टाकतो, हेही तिने सांगून ठेवले आहे. आषाढीला शेगावची पालखी तुळजापूरकडून आपल्या शहरात येते, इथून मंगळवेढ्यामार्गे पंढरीला जाते. त्या गजानन महाराजांचे पहिले दर्शन लोकांना कोठे झाले? २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, शेगावात, बाहेर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींपाशी, त्यांवरची शिते वेचून खाताना. इतरांना जो उकिरडा तेथे त्यांना अन्नब्रह्म दिसले. गाडगेबाबांचे तर नाव घेतले की खराटा आठवतो. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसे झाडायची. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत, कारण अंगावर चिंध्यांचे ठिगळ आणि हातात फुटके गाडगे, जेवण त्यातच. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्यावर त्यांनी आपला संसार, म्हणजे नसलेला संसार, चालवला. १९५६ साली ते गेले. २००० साली त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले. मात्र बाबा खराटा हाती घेत तेव्हा छायाचित्रासाठी घेत नसत, एवढे जाता जाता नोंदवतो.

आता आक्षेप. कीर्तन संपल्यावर तरुण मंडळी भेटतात आणि नेहमी एकच विचारतात, "महाराज, आम्ही घरात वेगळे करतो हो, पण गाडीत सगळे एकत्र होते. मग उपयोग काय?" प्रश्न खरा आहे. पुष्कळ शहरांत तसे होते. काही निरूपणकार इथे चटकन निष्काम कर्म पुढे करतात: तू तुझे कर्तव्य कर, फळ पाहू नको. मला हे उत्तर पटत नाही. फळाची आसक्ती नको म्हणजे चौकशी नको असे भगवंतांनी सांगितलेले नाही. चौकशी जरूर करावी, गाडीपाशी उभे राहून करावी, प्रभागाच्या सभेत करावी. पण ती करण्याचा तोंडावळा त्यालाच, ज्याच्या हातात दोन बादल्या आहेत. एक पिशवी फेकणाऱ्याने विचारले तर गाडीवाला हसेल. आणि दुसरे असे की सगळे एकत्र होते हे पूर्ण खरे नाही. गाडीच्या कडेला लटकवलेली पोती तुम्ही पाहिली असतील. बाटल्या, पुठ्ठे, पत्रा असे काय हाती लागेल ते त्यात जाते, आणि त्याचे चार पैसे त्या माणसांना मिळतात. तुमचा पुठ्ठा कोरडा असला तर पोत्यात जातो, ओला असला तर ढिगाऱ्यात.

ह्यालाच जोडून दुसरा एक दयाळू आक्षेप येतो. सगळ्यांनी घरीच वेगळे केले तर कचरा वेचणाऱ्या बायांनी खायचे काय? ह्याचे उत्तर त्या बायांनीच देऊन ठेवले आहे. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि बाया घरोघर जाऊन कचरा घेऊ लागल्या. त्यांची मागणी कचरा कालवून द्या अशी कधीच नव्हती; वेगळा द्या, अशी होती. वेगळ्या मालाला भाव येतो, हात शाबूत राहतो. बायकांच्या मासिक पाळीच्या कापडी-कागदी घड्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, एवढेच त्यांनी विनवले. उघडून पाहावे लागू नये म्हणून. ह्या मासिकात असला विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी ती घडी उघडावी लागणाऱ्या बाईचा क्षणभर विचार करावा.

पाण्याची अडचण मात्र सोलापुरात खरी. वर्षानुवर्षे इथे काही दिवसांआड नळ आला आहे. दुधाची पिशवी धुवायला पाणी कोण खर्चणार? भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात ती बुडवून काढली की काम भागते. आणि पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पुरा तोडू नये, लोंबता ठेवावा. तो चिमुकला तुकडा एकदा वेगळा झाला की पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही, थेट गटारात जातो.

सगळा भार गृहस्थाच्या माथी मारावा असेही माझे म्हणणे नाही. काही वस्तू अशाच बनवल्या जातात की त्यांना ह्या जगात घेणारा नाही. चकचकीत पाकिटे पाहा, कुरकुऱ्यांची, शाम्पूची. प्लॅस्टिक आणि चंदेरी थर असे एकमेकांना चिकटवलेले की भंगारवालाही हात जोडतो. ती धुवा, वाळवा, वेगळी ठेवा, प्रतिग्रह करणारा भेटणार नाही. अशी वस्तू बनवणाऱ्याने ती परत घ्यावी असे कायदा म्हणतो. कितपत होते ते आपण रस्त्यावर पाहतोच. आपल्या हाती एवढे आहे की दुकानातच विचारावे: हिला शेवटी घेणारा कोण? उत्तर नसेल तर घरात आणू नये. जेवढी टाळता येतील तेवढी टाळावीत.

आता आपल्या संप्रदायापुरते. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात भगवंतांनी उष्टी काढली हा प्रसंग आम्ही कीर्तनकार डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आणि काल्याच्या कीर्तनानंतर पंगत उठते तेव्हा काय दिसते? पत्रावळी, द्रोण, पाण्याचे पेले, उरलेली बुंदी, सगळे एका ढिगात, आणि तो ढीग सप्ताहाचे मंडळ मजुरी देऊन कोणाकडून तरी उचलून घेते. त्यात पत्रावळ पळसाची राहिलेली नाही. कागदाची दिसते, पण वरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती धड ओल्यात जात नाही, धड सुक्यात. निर्माल्याचेही तेच. हार दोऱ्यासकट आणि पिशवीसकट सिद्धेश्वर तलावात टाकून लोक हात जोडतात. ज्या सिद्धरामांनी लोकांच्या श्रमातून तो तलाव खोदवला, त्यांना हे कसे आवडेल?

ह्याला उपाय फार अवघड नाही. पळसाच्या पत्रावळी मागवल्या की त्या उष्ट्यासकट गाईगुरांपुढे किंवा खड्ड्यात जातात. पंगतीच्या टोकाला दोन पिंपे ठेवावीत आणि त्यांच्यापाशी मजूर उभा न करता यजमानाने उभे राहावे, कीर्तनकारानेही राहावे. आपले पान आपण उचलून तेथे आणून टाकायचे. आमच्याकडे हे सुरू केले तेव्हा पहिल्या दिवशी काही वडीलधाऱ्यांना अवघडल्यासारखे झाले, महाराजांसमोर उष्टे कसे न्यायचे म्हणून. तिसऱ्या दिवशी रांग लागली.

पाण्याच्या पेल्यांचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. पाचशे माणसांना स्टीलचे पेले द्यायचे तर धुवायला पाणी टँकरचे आणावे लागते. वारीत पडशीत आपापला तांब्या असतोच. तसा सप्ताहालाही प्रत्येकाने घरून आणावा असे सुचवून पाहिले, पण निम्मे लोक विसरतात आणि मग पुन्हा प्लॅस्टिकचे पेले येतात. ज्या गावच्या मंडळींनी ह्यावर काही तोड काढली असेल त्यांनी ती संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावी. पुढचा सप्ताह चैत्रात आहे.